ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतंय? नव्या डिस्क घ्यायच्या आधी जुन्यांच्या मागे काय दडलंय ते बघा

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं अशी तक्रार घेऊन कुठल्याही गॅरेजात जा, गाडी जॅकवर चढायच्या आधीच निकाल लागलेला असतो. "साहेब, डिस्क बेंड झालीये, पुढच्या दोन्ही चेंज करायला लागतील, पॅड पण टाकून घ्या." डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, पॅड म्हणजे ब्रेक मारल्यावर तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे. आपणही मान डोलावतो, कारण बेंड झालेली वस्तू फिरताना हलणारच, यात न पटण्यासारखं काय आहे. नव्या डिस्क पडतात, गाडी एकदम मस्त थांबायला लागते, आपण खूश, गॅरेजवाला खूश, आणि मग पाच-सात हजार किलोमीटर झाले की हळूच परत तीच थरथर. मग ब्रँडला शिव्या, लोकल माल दिला म्हणून गॅरेजवाल्याला शिव्या, आणि तिसरा सेट.

माझी ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे, 2017 मध्ये आपल्याकडे आलेली 230 पीएसवाली, सेकंड हँड घेतलेली, आधीच्या मालकाने स्टेज 1 रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून, करून ठेवलेली. घेतली तेव्हा सर्व्हिसच्या फाइलमध्ये पुढच्या डिस्क आधीच बदललेल्या दिसत होत्या आणि थरथर होतीच, म्हणजे वर लिहिलेली गोष्ट अर्धी घडून गेलेलीच होती. परत डिस्क घ्यायच्या आधी मोजून बघायचं ठरवलं. भोसरीतला एक मित्र टूलरूममध्ये आहे, त्याच्याकडे डायल गेज (बारीकसं डोलणं काट्यावर दाखवणारं), मॅग्नेटिक स्टँड, मायक्रोमीटर सगळं, आणि असल्या उद्योगांना तो एका पायावर तयार असतो.

आधी थोडी थिअरी, कारण ती कळल्याशिवाय मोजून काही उपयोग नाही. रस्त्यावरच्या गाडीची बिडाची डिस्क कायमची वाकडी होणं फार क्वचित घडतं. खूप तापली की ती थोडी झुकते, कारण बाहेरचा घासला जाणारा पट्टा लाल व्हायला येतो आणि मधली टोपी तेवढी तापत नाही, पण गार झाली की जागेवर येते. आपल्या हाताला जे जाणवतं ते डिस्कच्या जाडीतला फरक असतो. एका जागी 25.00 मिमी आणि दुसऱ्या जागी 24.98, बास, एवढा 20 मायक्रॉनचा फरक बऱ्याच गाड्यांमध्ये स्टिअरिंगवर कळायला पुरतो. जाड भाग पॅडमध्ये आला की पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेक ऑइलचं प्रेशर वाढतं, ब्रेक जास्त पकडतो, पातळ भाग आला की सैल सोडतो, आणि हे चाकाच्या प्रत्येक फेरीला होतं. पेडलला जे धडधड लागतं ते हेच.

मग नव्या कोऱ्या डिस्कमध्ये हा फरक येतो कुठून? इथे रनआउट येतो. डिस्क हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरणाऱ्या भागावर, एकदम सपाट बसली नाही तर ती फिरताना डावी-उजवी डोलते, तो रनआउट. जमिनीवर ताट ठेवलं आणि एका कडेखाली तांदळाचा दाणा आला की ताट कसं डुगडुगतं, तसंच. गंमत अशी की हे डोलणं ब्रेक मारताना फारसं कळतच नाही, कारण पॅड धरून दाबणारा कॅलिपर बहुतेक गाड्यांमध्ये पिनांवर सरकणारा असतो, तो डिस्कबरोबर बिचारा इकडेतिकडे जातो. घोळ होतो ब्रेक न मारता चालवताना. पॅड डिस्कपासून अगदी केसभर लांब असतात, डोलणारी डिस्क प्रत्येक फेरीला एकाच जागी पॅडला जाऊन टेकते. माझ्या गाडीचा टायर एका फेरीत साधारण 2 मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला 500 फेऱ्या, 5000 किलोमीटरला 25 लाख वेळा तोच एक तुकडा पॅडला घासतोय. काही पॅड ती जागा झिजवतात, काही पॅड आपला माल तिथे चिकटवून जातात, कुठल्याही मार्गाने जाडी बदलते. म्हणून तर बसवल्या बसवल्या सगळं छान असतं आणि काही हजार किलोमीटरनी थरथर सुरू होते. थरथर कधी सुरू झाली हा सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि तोच कोणी विचारत नाही.

आता गाडी न खोलता काय काय कळतं ते बघू. पहिला प्रश्न, फक्त ब्रेक मारतानाच होतं का? ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता 90–110 ला स्टिअरिंग हलत असेल तर बॅलन्सिंग, वाकलेली रिम, टायरला आलेला फुगा, आणि आपल्या रस्त्यांवर रिम वाकायला वेगळं काही करावं लागत नाही. बाहेरून घेतलेले अलॉय असतील तर मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं, तिथे रिंग लागते, या गाड्यांना हबचा व्यास 57.1 मिमी, ती रिंग नसली तर चाक नुसतं बोल्टवर सेंटर होतं आणि मग बॅलन्सिंग कितीही वेळा करा. दुसरा प्रश्न, थरथर कुठे? स्टिअरिंगमध्ये असेल तर बहुतेक पुढचं, सीटमध्ये आणि पेडलमध्ये असून हात शांत असतील तर मागच्या डिस्कवर संशय घ्या. ज्यांच्याकडे हाताने ओढायचा हँडब्रेक आहे आणि तो मागच्या पॅडवरच चालतो त्यांनी एकदम मोकळ्या सरळ रस्त्यावर, कमी स्पीडला, बटण दाबून धरून अगदी हलका ओढून बघावा, थरथर आली तर मागचंच. पावसात किंवा ट्रॅफिकमध्ये हे करू नका, मागची चाकं लॉक झाली तर गाडी फिरेल. आणि एक, अगदी जोरात ब्रेक मारल्यावर पेडल खडखडतं ते एबीएस, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, त्याची तक्रार घेऊन आलेले लोकही मी गॅरेजमध्ये पाहिलेत.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कोणत्या स्पीडला? माझ्या गाडीत 100 वरून हलका ब्रेक लावला की 90 च्या आसपास स्टिअरिंग सगळ्यात जास्त हलायचं, 60 ला किरकोळ आणि 40 च्या खाली काहीच नाही. मेकॅनिक म्हणाला स्पीड जास्त म्हणून जास्त हलतं, पण मग 100 पेक्षा 90 ला जास्त का? कारण 90 ला चाक सेकंदाला साडेबारा फेऱ्या मारतं आणि सस्पेन्शन-स्टिअरिंगची स्वतःची हलायची सवय त्याच आसपास असते, दोघांचं जुळलं की नाच सुरू. फोनमध्ये व्हायब्रेशन मोजायची फुकट अ‍ॅप मिळतात, फोन डॅशबोर्डवर पक्का चिकटवायचा, शेजारी बसलेल्याने ग्राफ बघायचा, चालवणाऱ्याने अजिबात नाही. आमचा ग्राफ 90 ला 12–13 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढे हेलकावे, दाखवत होता आणि 60 ला 8. म्हणजे फेरीला बरोबर एकदा. स्पीडबरोबर आकडा त्याच प्रमाणात खाली येत असेल तर चाकाबरोबर फिरणारीच वस्तू आहे, इंजिन माउंट, गिअरबॉक्स वगैरे सगळे निर्दोष. फेरीला एकदा म्हणजे डिस्कवर एकच जाड किंवा पातळ जागा, आणि डोलणाऱ्या डिस्कची ही अगदी टिपिकल सही आहे. आकडा दुप्पट आला असता तर समोरासमोर दोन जागा असा अर्थ लावला असता.

चौथा प्रश्न, गार असताना होतं का गरम झाल्यावर? आमच्याकडे सकाळी पहिल्या ब्रेकपासून. हे लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या गाडीत याच्या बरोबर उलटं निघालं, ते पुढे येईलच.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली. पहिला क्लू चाक काढतानाच मिळाला. या गाडीच्या व्हील बोल्टचा टॉर्क (आवळायचा जोर) 120 न्यूटन मीटर आहे, म्हणजे हातभर लांबीच्या पान्याने नीट जोर लावला तर जेवढा होतो तेवढा. आमच्याकडे दोन बोल्ट पान्याला पाईप लावून त्यावर उभं राहिल्यावर सुटले, तिसरा मात्र सहज, नुसत्या पान्याने. टायरच्या दुकानात हवेची गन लावतात, टर्र्र करून बोल्ट बसला की पुढचा, कॉम्प्रेसरमध्ये त्या क्षणी हवा किती होती त्यावर तुमचा टॉर्क ठरतो. डिस्कची टोपी चाक आणि हब यांच्यामध्ये दाबलेली असते, एका बाजूला 250 आणि दुसऱ्या बाजूला 100 ने दाबली तर ती तशीच तिरकी बसणार. दुकानाचं नाव घेत नाही, खरं सांगायचं तर जवळपास सगळीकडे हेच चालतं आणि आपणही "घट्ट कर रे" असंच सांगतो.

चाक निघालं तरी डिस्क लगेच काढायची नाही, जशी आहे तशी आधी मोजायची. बोल्टना जाड वॉशर लावून डिस्क हबवर घट्ट दाबली, थोडं थोडं करत समोरासमोरचे बोल्ट आवळत. डिस्कला हबवर अडकवणारा एक छोटा टॉर्क्स स्क्रू असतो, नुसत्या त्यावर डिस्क सोडून गेज लावलं तर येणारा आकडा कचऱ्यात टाकायच्या लायकीचा असतो. मॅग्नेटिक स्टँड शॉकरच्या खालच्या नकलवर, म्हणजे हब धरणाऱ्या भागावर, चिकटवला, गेजचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून 10 मिमी आत टेकवलं आणि मित्राने डिस्क हाताने हळूहळू फिरवायला घेतली. काटा शून्यावरून निघाला, 3, 5, 8, 11, आणि मग तसाच परत उलटा शून्याकडे. 0.11 मिमी. बहुतेक कंपन्यांची मर्यादा 0.05 ते 0.10 च्या मध्ये कुठेतरी असते, पण थरथर कायमची घालवायची असेल तर 0.05 च्या आत असावं असं मित्राचं म्हणणं आणि मला ते पटतं. उजवीकडे 0.04 निघालं, म्हणजे सगळा गोंधळ डावीकडचा. जिथे काटा सगळ्यात वर गेला तिथे खडूने खूण केली, डिस्कवर आणि हबवर दोन्हीकडे. ही दुसरी खूण विसरायची नाही.

मग कॅलिपर काढून तारेने लटकवला, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवायचा नसतो तो, आणि मायक्रोमीटरने डिस्कच्या जाडीची गोल फिरत आठ ठिकाणी मापं घेतली. सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ यात 0.02 चा फरक, आणि पातळ जागा खडूच्या खुणेच्या आसपासच. सगळं हिशोबात बसत होतं. इथे मित्र जरा जास्तच खूश झाला, टूलरूमवाल्यांना आकडे जुळले की दिवाळी असते.

डिस्क निघता निघेना. टॉर्क्स स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने सुटला पण डिस्क हबला गंजाने धरलेली, रबरी हातोड्याने टोपीवर फिरवत फिरवत ठोकल्यावर एकदम सुटून हातात आली आणि खाली लाल भुकटी पडली. हबचा चेहरा बघण्यासारखा होता. अर्ध्या भागावर धातू चमकत होता, मशीनिंगच्या बारीक रेषा दिसत होत्या, आणि दोन बोल्टच्या भोकांच्या मध्ये गंजाचा एक पापुद्रा, नखाने लागेल एवढा उंच, वर दाबला जाऊन काळा पॉलिश झालेला. म्हणजे आधीच्या वेळी जुनी डिस्क काढली, हब पुसलासुद्धा नाही, नवी त्याच पापुद्र्यावर चढवली. हिशोब करून बघा, हबचा चेहरा साधारण 140 मिमीचा, त्याच्या कडेला 0.05 चा कचरा आला तर 310 च्या आसपासच्या डिस्कच्या कडेला तो 0.11 होतो. आमच्या गेजने दाखवला तोच आकडा. डिस्क जेवढी मोठी तेवढं हे गणित वाईट होत जातं, म्हणून मोठे ब्रेक असलेल्या गाड्या या बाबतीत जास्त नखरे करतात. छोट्या हॅचबॅकला जो कचरा पचतो तो इथे पचत नाही.

साफसफाई काही रॉकेट सायन्स नाही. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, बोल्टच्या भोकांच्या कडांना आलेली बारीक फुगवटी सपाट फाइलने हलकेच काढायची, ब्रेक क्लीनरने पुसायचं. डिस्कच्या टोपीची आतली बाजू पण तेवढीच महत्त्वाची, ती लोक विसरतात. काही जण या दोन चेहऱ्यांमध्ये ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट थापतात, परत गंजू नये म्हणून, मला ते आवडत नाही, थर कमी-जास्त झाला की परत तोच दाणा. मधल्या गोल कडेला अगदी पुसट लावलं तर ठीक. सगळं करून हबच्या चेहऱ्यावर थेट गेज लावलं तर 0.01, म्हणजे बेअरिंग आणि हब दोन्ही ठणठणीत. हा आकडा 0.03 च्या वर असता तर गोष्ट वेगळी झाली असती, हब बदलायला लागला असता.

तीच जुनी डिस्क परत लावली, 0.03. पण एवढ्यावर थरथर जात नाही हे समजून घ्या. डोलणं थांबलं, जाडीतला 0.02 चा फरक डिस्कमध्ये आहे तसाच आहे, तो आता वाढणार नाही एवढंच. त्यामुळे डिस्क लेथवर घालून दोन्ही बाजूंनी अगदी थोडी घासून घेतली. डिस्कच्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडी कोरलेली असते, नव्यापेक्षा साधारण 2–3 मिमी कमी, त्याच्या बऱ्यापैकी वर असाल तरच हा उद्योग करायचा. आणि लेथवाल्याच्या डोक्यावर उभं राहायचं. त्याने डिस्क चकमध्ये पकडताना टोपीची आतली बाजू पुसली नाही तर तो तुम्हाला त्याच्या मशीनचा रनआउट कोरून देतो, आणि दोन्ही बाजू एकाच पकडीत कापल्या नाहीत तर समांतरपणा गेला. भोसरीत असली कामं चोख करणारे लोक आहेत, पण "ब्रेक डिस्क आहे" म्हटलं की काही जणांना ते हलकं काम वाटतं, दहा मिनिटांत उरकतात. आम्ही घरी आणून परत मोजली, फरक मायक्रोमीटरला दिसेना.

त्यातच लोअर आर्मचा, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याचा, मागचा मोठा रबरी बुश बघून घेतला, रबर आडवं फाटलेलं, बार घालून हलवलं तर आर्म सरळ मागेपुढे जात होता. फाटका बुश थरथर निर्माण करत नाही पण आहे ती तिप्पट करून हातापर्यंत पोचवतो. पुष्कळदा बुश बदलला आणि थरथर गेली असं लोक सांगतात ते खोटं नसतं, फक्त मूळ कारण तिथेच बसून वाढत असतं. मी दोन्ही बदलले. कॅलिपरच्या पिना काढून साफ केल्या, एकीतलं ग्रीस वाळून खडखडीत झालं होतं. शेवटी बोल्ट एक सोडून एक क्रमाने, आधी हाताने, मग 60, मग 120, टॉर्क रेंचने. आता टायरवाल्याकडे गेलो की गन फक्त सोडायला वापर, आवळायला माझा पाना, असं सांगतो, तो हसतो पण ऐकतो.

नवीन पॅड किंवा नवीन घासलेल्या डिस्कला बसवून घ्यावं लागतं. पहाटे जुन्या मुंबई हायवेवर रिकामा तुकडा बघून 80 वरून 20 पर्यंत मध्यम जोरात ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत 80, असं पॅडचा जळका वास यायला लागेपर्यंत, आणि मग ब्रेकला कमीत कमी हात लावत पंधरा-वीस मिनिटं गार करत चालवायचं. याने डिस्कवर पॅडचा पातळ एकसारखा थर बसतो. मध्येच लाल सिग्नलला गरम ब्रेक दाबून उभे राहिलात तर पॅडचा आकार डिस्कवर छापला जातो आणि सगळी मेहनत पाण्यात.

याच कारणाने घाटातून उतरताना आपण नकळत डिस्कची वाट लावतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून 620 मीटरच्या आसपास, खाली खोपोली 60. दीड टनाची गाडी एवढी खाली आणायची म्हणजे 8 मेगाज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जायला हवी, 100 वरून शून्यावर चौदा वेळा थांबण्याएवढी. त्यातला काही भाग हवा आणि इंजिन खातं, बाकीची डिस्कमध्ये. आणि घाट संपला की समोर काय, खालापूरचा टोल. गरम डिस्क, रांग, पाय ब्रेकवर, वर ज्यांच्याकडे ऑटो होल्ड आहे त्यांची गाडी स्वतःच पॅड दाबून धरते. घाट उतरताना गिअर खाली टाकून इंजिनवर या, डीएसजी ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअल मोडमध्ये टाका ना, आणि टोलच्या रांगेत ऑटो होल्ड बंद करून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून हळूहळू सरकत राहा. सपाटीवर थांबायलाच लागलं तर न्यूट्रल आणि पार्किंग ब्रेक, तो मागच्या चाकांवर असतो आणि मागच्या डिस्क तेवढ्या तापलेल्या नसतात.

पावसाळ्याचं पण एक सांगून ठेवतो, कोकणात गावी गाडी महिनाभर उभी ठेवून आलेल्यांना पहिल्या दिवशी जी धडधड जाणवते ती पॅडच्या आकाराचा गंजाचा ठसा असतो. थोडा असेल तर पाच-पन्नास ब्रेकमध्ये निघून जातो, खोल गेला तर लेथ. गाडी धुऊन लगेच झाकून ठेवू नका, धुतल्यावर एक चक्कर मारून ब्रेक वाळवा आणि मग उभी करा.

आता ती दुसरी गाडी. आमची मोजणी ऐकून एका मित्राने त्याची सहा सिलिंडरवाली सेडान आणली, पुढे चार पिस्टनचे फिक्स कॅलिपर, कोइम्बतूरच्या करी रेस ट्रॅकवर ट्रॅक डे करून, म्हणजे स्वतःची गाडी ट्रॅकवर जोरात पळवून, आलेली. करी छोटा आहे, 2 किलोमीटरच्या आसपास, पण वजनदार गाडीला गार व्हायला तिथे उसंत मिळत नाही. त्याची तक्रार वेगळी होती. सकाळी गाडी एकदम ठीक, ताम्हिणी उतरताना चार-पाच जोराचे ब्रेक झाले की थरथर, आणि नुसती थरथर नाही, खालून घुमल्यासारखा आवाज. त्याला पण गॅरेजने "डिस्क बेंड" असंच सांगितलेलं. आम्ही फोनच्या माइकवर आवाज मोजला, 80 ला ब्रेक दाबल्यावर 130 हर्ट्झच्या जरा वर. 80 ला चाक सेकंदाला 11 फेऱ्या, म्हणजे फेरीला बाराएक ठोके. एकाच जागेच्या रनआउटने हे होऊच शकत नाही.

चाक काढलं आणि डिस्क उजेडात तिरकी धरून बघितली, गोल फिरत निळसर काळे डाग, मोजले तर बारा. उलट्या बाजूला पण डाग, पण समोरासमोर नाहीत, या बाजूच्या दोन डागांच्या मधल्या जागी त्या बाजूचा डाग. हे खरे हॉट स्पॉट. डिस्क तापून जिथे थोडी फुगते तिथे पॅड जास्त दाबतो, तिथे अजून तापते, अजून फुगते, असं चक्र चालू राहतं, आणि 650–700 अंशांच्या पुढे गेलं की त्या जागी बिडाची रचनाच बदलून सिमेंटाइट तयार होतं. ते बाकीच्या डिस्कपेक्षा कितीतरी कडक, त्यामुळे झिजत नाही, बाकीचं झिजतं आणि डाग वर राहतो, वर राहिला की अजून तापतो. गेज लावलं तर रनआउट 0.03, हब स्वच्छ, बोल्ट नीट, कोणाचीच चूक नाही.

त्याला लेथ सुचवणारे बरेच भेटले. पण कडक डाग वरवर दिसतो तेवढाच नसतो, आत मुरलेला असतो, आणि लेथचं टूल त्यावरून जाताना उडी मारतं, मशीनवरून उतरताना डिस्क सुंदर दिसते आणि दोन घाटांनंतर डाग परत वर. ग्राइंडिंग करून खोलवर काढला तर काढता येईल पण तोवर किमान जाडी गाठलेली असते. शिवाय दोन डागांपासून निघालेल्या केसासारख्या भेगा होत्या. डिस्कच्या मधल्या पट्ट्यात बारीक भेगा ट्रॅकवर जाणाऱ्या गाड्यांना येतात, पण त्याची एक भेग बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेली. कडेला पोचलेली भेग म्हणजे चर्चा बंद, ती डिस्क त्या दिवसापासून रस्त्यावर न्यायची नाही, गाडी तिथूनच टो करून गेली.

नव्या डिस्कबरोबर त्याने पॅड पण वरच्या तापमानाचे घेतले, कारण साधे रस्त्याचे पॅड ट्रॅकवर वितळल्यासारखे होऊन माल सोडतात आणि डागांची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. असे पॅड सकाळी गार असताना कमी पकडतात आणि सिग्नलला किंचाळतात, घरच्यांची बोलणी खावी लागतात, ते त्याने मान्य केलंय. ब्रेक ऑइल पण बदललं, डॉट 4 नवं असताना 230 अंशांपर्यंत उकळायला नको असा नियम आहे, ओलावा शोषल्यावर तोच आकडा 155 वर येतो, आणि त्याचं ऑइल चहासारख्या रंगाचं झालेलं. थरथरीशी याचा संबंध नाही, पण पेडल एकदम खाली जाण्याशी आहे.

डिस्क बसवताना या वेळी गेज लावूनच बसवल्या. डावीकडे 0.02 आला. उजवीकडे 0.06, हब स्वच्छ असूनही, नव्या डिस्कला थोडा आणि हबला थोडा असा दोघांचा मिळून. एका बोल्टने पुढे फिरवून बसवली, 0.07. अजून एकाने पुढे, 0.03, तिथेच ठेवली. पाच बोल्टची डिस्क पाच प्रकारे बसू शकते आणि एकाचं जास्त दुसऱ्याच्या कमीमध्ये जिरतं. माझ्या गाडीत त्या टॉर्क्स स्क्रूमुळे एकच जागा मिळते, पण तो स्क्रू फक्त चाक काढल्यावर डिस्क पडू नये म्हणून असतो, डिस्क धरून ठेवतात ते व्हील बोल्टच, त्यामुळे गरज पडली तर स्क्रू न लावता फिरवता येते. फिरवलेली असेल तर हबवर आणि डिस्कवर रंगाने खूण करून ठेवा आणि पुढच्या वेळी जो कोणी ब्रेकचं काम करेल त्याला आधीच दाखवा, नाहीतर तो खुणा पुसून, जुनं भोक जुळवून, स्क्रू लावून देईल.